सोमवारची शहाणी

शाळेत गणित शिकवत होते तेव्हा दर तासाला एखादा तरी हात वर व्हायचाच. "मॅडम, जाऊन येऊ?" मी फळ्याकडून मान न वळवता म्हणायचे, "मधल्या सुट्टीत काय करत होतास? बस खाली." त्यातल्या कुणाचे तरी तळतळाट मला नक्की लागले. आमच्याकडे म्हणतातच, ऊपरवाले के यहाँ देर है, अंधेर नहीं. निवृत्त झाले, मग नवरा गेला, मुलगा आधीच पुण्याला नोकरीला. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटी उरले, आणि माझ्या मूत्राशयानं दर अर्ध्या तासाला हात वर करायला सुरुवात केली. फरक एवढाच की ते परवानगी मागत नव्हतं.

देशभरातून लोक उज्जैनला देवळं बघायला येतात. मी बाथरूम बघत हिंडायचे. देवास गेटच्या बसस्टँडवरची म्हणजे साक्षात नरक, तिथं पाय ठेवण्यापेक्षा धोका पत्करलेला बरा. फ्रीगंजात साड्यांच्या एका दुकानाची आतली बाथरूम अगदी लखलखीत, पण तिथवर पोचायचं तर आधी दोन-चार साड्या उलगडून बघाव्या लागत. त्या सेल्समनला वाटायचं, बाईंची पसंत भलतीच नाजूक आहे. घरातल्या फिक्या चादरी काढून मी भैरवगढच्या गडद छापाच्या आणल्या. आल्यागेल्यानं माझ्या कलादृष्टीचं कौतुक केलं, मीही करू दिलं.

सगळ्यात कठीण क्षण दाराशी यायचा. बाजारातून घरापर्यंत सगळं ठीक. पर्समधून किल्ली काढून कुलपात घातली रे घातली, की खालचं कुलूप आधी उघडायचं. एकदा समोरची शेजारीण दारात उभी होती. ही माळव्यातली अस्सल बाई, मला आंटीजी म्हणते, माझ्याकडे तिची आणि तिच्याकडे माझी चावी असते. तिनं फरशीकडे पाहिलं. मी हातातली पाण्याची बाटली दाखवून म्हटलं, "ढक्कन ढीला है." बाटली भरलेली होती. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला.

डॉक्टर म्हणजे माझ्या शेवटच्या बॅचमधल्या पोरांच्या वयाचा. त्यानं तपासण्या केल्या आणि अगदी आनंदानं सांगितलं, "आंटी, इन्फेक्शन नहीं है, कुछ नहीं है. बस ब्लैडर थोड़ा ज़्यादा एक्टिव है." या वयात माझ्यातलं काहीतरी ज़्यादा एक्टिव आहे हे ऐकून मलाही बरं वाटलं. मग त्यानं समजावलं. मूत्राशय भरायच्या आधीच त्याचा स्नायू आवळतो, त्याला ढिलं करायची गोळी असते, तोंड जरा सुकेल, पोट साफ व्हायला त्रास होईल, चहा कमी करा, आणि काही वेगळं वाटलं तर सांगा. गोळीचं नाव ऑक्सिब्युटिनिन. नाव नीट उच्चारायला तोंडात थुंकी लागते, आणि गोळी नेमकी तीच काढून घेते. "सुबह-शाम, खाने के बाद," तो म्हणाला.

गोळीनं काम केलं, खोटं का बोला. मी अख्खा सिनेमा मध्येच न उठता पाहिला. लग्नाच्या पंगतीत आग्रह करवून घेऊन मठ्ठा प्याले. पण आग लागली एका घराला आणि नळ तोडला सगळ्या मोहल्ल्याचा, असा तो कारभार. तोंड कोरडं, डोळे कोरडे, सकाळी पोट रुसलेलं. जीभ टाळूला चिकटते म्हणून पाणी प्यायचं, पाणी प्यालं की पुन्हा तेच. वा रे औषध! तरी मी घेत राहिले, कारण कुलपात किल्ली घालताना आता मी फक्त कुलूप उघडत होते.

मुलाचा रोज फोन यायचा. "बीपीची घेतलीस? थायरॉइडची घेतलीस?" घेतली रे बाबा, घेतली. तिसरीचं नाव त्याला कधी सांगितलं नाही. ती मेतकुटाच्या डब्यात, मेतकुटाखाली, जेवण झालं की हात सवयीनंच तिथं जायचा. पोटच्या पोराला काय सांगायचं, की तुझी आई भिजते? त्याची दुपटी मी वर्षानुवर्षं पिळली, पण ही वाट एकाच दिशेनं जाते. सुनेला सांगावं तर ती व्हिडिओ कॉलवरच भेटते, आणि स्पीकर कायम चालू.

दोन-तीन महिन्यांत माझं डोकं बिघडलं. हे मी सांगते ते ऐकीव आहे, कारण मी तिथं असूनही नव्हते. चहात मीठ, गॅसवर रिकामं पातेलं, हे तर कुणाचंही होतं. पण मी शेजारणीला एकदा सोडून चारदा विचारलं, की साहेब ऑफिसातून आले का? साहेब म्हणजे माझा नवरा. एका संध्याकाळी टॉवर चौकात उभी राहिले. चाळीस वर्षं ज्या चौकातून शाळेत गेले तिथं घर कुठल्या बाजूला ते आठवेना. एक जुनी विद्यार्थिनी स्कूटर थांबवून मला घरी सोडून गेली. वाटेत म्हणे मी तिला विचारत होते, बेटा, तुझे वडील काय करतात? हीच मुलगी सहावीत माझ्या हातची छडी खाऊन गेलेली.

मुलगा सुट्टी टाकून आला. शेजारणीनंच बोलावून घेतला. येताच त्यानं गॅसचा नॉब आवळला, दाराची आतली कडी काढली, आणि मोबाइलवर पुण्याच्या घरातली खोली दाखवली. "बघ, बाथरूमला न घसरणाऱ्या टाइल्स लावल्यात. गणपती झाले की जायचं." मी म्हणे छान छान म्हणाले. शुद्धीवर असते तर सांगितलं असतं, की मला न घसरणाऱ्या टाइल्स नकोत, माझं घर हवंय, ज्यात मी हवी तशी घसरेन.

पण गंमत पुढे आहे. मी सोमवारी शहाणी असायचे.

आता आमच्या उज्जैनचा श्रावण समजून घ्या. इथल्या हिंदीवाल्यांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, आम्हा मराठी माणसांचा श्रावण अमावास्येनंतर. म्हणजे त्यांचा पंधरा दिवस आधी सुरू, आमचा पंधरा दिवस उशिरा संपतो. महाकालाची सवारी दोघांचाही मान राखत दर सोमवारी निघते. शेजारणीचं घर आणि माझं घर समोरासमोर, तिच्याकडे उपास असताना माझ्याकडून फोडणीचा वास जावा हे बरं दिसत नाही. म्हणून मी दोन्ही श्रावण धरते. सोमवार फराळावर. सासरची रीत अशी, की उपास संध्याकाळीसुद्धा सोडायचा नाही, नुसतं दूध घ्यायचं आणि मंगळवारी सकाळी वरणभातानं सोडायचा. सवारी मी टीव्हीवर बघते. टीव्हीसारखी पालखीपासूनही बाथरूम सात पावलांवर असती तर मीही पालखीमागे गेले असते, पण भक्तीलाही मर्यादा असतात.

तर सोमवारी दुपारपासून माझं डोकं लख्ख. शेजारणीच्या नातीची बेरीज मी चालता चालता तपासायचे, पेपरातल्या चुका काढायचे, मुलाच्या पुणेरी मराठीची थट्टा करायचे. त्याला साबुदाण्याची खिचडी समोर ठेवून म्हणायचे, "घे, तुमच्या पुण्यात वाटीभर देतात, आपल्याकडे माणसं जेवायला घालतात." मंगळवारी सकाळी वरणभात, आणि बुधवारी पुन्हा साहेब आले का!

शेजारीण कानाला हात लावून म्हणाली, "आंटीजी, ये तो बाबा महाकाल की किरपा है. सोमवार को बाबा खुद आपके पास बैठते हैं." मी जन्मभर पोरांना सांगत आले, की कारण सापडल्याशिवाय उत्तर लिहू नका. पण आपली अक्कल आठवड्यातून एकदाच येत असेल तर ती कुठून येते हे विचारायची हिंमत होत नाही. मीही देवाला हात जोडले. चालतंय ना, मग कशाला छेडा?

गुरुवारी मुलानं मला इंदूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. बाई मराठी होत्या, मऊ बोलणाऱ्या. गणिताची शिक्षिका आहे ऐकून म्हणाल्या, "मग हे तुमच्यासाठी सोपं आहे. शंभरातून सात वजा करत जा." मी त्र्याण्णव म्हटलं. मग त्यांच्याकडे बघत राहिले. "किती वजा करायचे होते?" हा क्षण मला स्वच्छ आठवतो, बाकी बरंच धुऊन गेलं तरी. मुलानं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाईंनी सगळी औषधं विचारली, त्यानं बीपी आणि थायरॉइड सांगितलं, मी मान डोलावली. डोक्याचा फोटो काढायला सांगितला आणि पुन्हा बोलावलं. बाहेर पडताना त्यांनी त्याला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, आईंना आता एकटं ठेवू नका.

पुढच्या सोमवारी डोकं ठिकाणावर आल्यावर मला ते वाक्य आठवलं. इतकी भीती मला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा घर रिकामं झालं होतं, आता मीच माझ्या घरातून जाणार होते. पुण्यात मी कोण? सोसायटीच्या बाकावर बसणारी आणखी एक सासू, जिला लिफ्टचं बटण कुणीतरी दाबून द्यायचं. मी मुलाला म्हटलं, "पुढची तारीख सोमवारची घे."

"आई, सोमवारी सवारी असते, गाड्यांची कटकट..."

"सोमवार म्हणजे सोमवार."

परीक्षेचा दिवस आपणच ठरवायचा, याला शाळेत कॉपी म्हणतात. मला लाज वाटली नाही. घर वाचवायचं होतं.

सोमवार उजाडला. डोकं दुपारी साफ होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून वेळ दुपारनंतरची घ्यायला लावली. पण सोमवारी डोकं येतं तेव्हा दुसरंही काही परत येतं, हे विसरून चालणार नव्हतं. इंदूरचा रस्ता सिंहस्थाच्या तयारीत उकरून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेतलं. वाटेतलं सांवेर आलं. "चहा घेऊ या," मी म्हटलं. "उपासाला?" तो म्हणाला. "तू घे, मी बघते." ढाब्याच्या मागे जाऊन आले. थोडं पुढे गेल्यावर मी पुन्हा म्हटलं, जरा पाय मोकळे करू या. त्यानं गाडी थांबवली, पण माझ्याकडे विचित्र बघितलं. त्याला वाटलं, आजार वाढला.

बाईंनी डोक्याचा फोटो बघून बाजूला ठेवला आणि पुन्हा सुरू केलं. शंभरातून सात. मी म्हटलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, पुढे सांगू की पुरे?" त्या थक्क. मुलगा थक्क. मी इतक्या वेगानं सांगितलं त्याचं कारण हुशारी नव्हतं, मला जायचं होतं. घड्याळ काढा म्हणाल्या, काढलं. मघाशी सांगितलेले शब्द सांगा म्हणाल्या, उभं राहूनच सांगितले. "आलेच," म्हटलं आणि धावले.

परत आले तेव्हा बाई माझ्याकडे नव्हे, दाराकडे बघत होत्या. "मागच्या वेळी तुम्ही दीड तास इथं होतात. एकदाही उठला नाहीत."

"मागच्या वेळी गोळी घेतली होती," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"कुठली गोळी?"

मुलगा म्हणाला, "बीपीची असेल." बाई म्हणाल्या, "बीपीच्या गोळीनं माणूस बसून राहत नाही. आई, आज ती का नाही घेतली?"

"आज जेवण नाही ना," मी म्हटलं. "गोळी जेवणानंतर घ्यायची आहे. आज उपास."

"पण तुम्ही काहीतरी खाल्लं असेल?"

"खिचडी खाल्ली, शेंगदाण्याची आमटी खाल्ली, रताळ्याचा कीस, दोन केळी. पण तो फराळ झाला. फराळ म्हणजे जेवण नव्हे."

एवढं खाऊन वर हे मी ठणकावून सांगितलं. पट्टीनं आखल्यासारखी स्पष्ट गोष्ट होती. आणि ते बोलत असतानाच माझ्या डोक्यात दोन्ही श्रावणांचे सगळे सोमवार एका ओळीत उभे राहिले. रविवारची शेवटची, मग मंगळवारच्या वरणभातापर्यंत एकही नाही. हातचा एक विसरलेलं पोर चूक सापडल्यावर कसं बघतं, तशी मी बघत राहिले. महाकाल नव्हता माझ्याशेजारी बसत, सोमवारी फक्त ती गोळी उठून जात होती.

"कशाची गोळी आहे ती?" बाईंनी पुन्हा विचारलं.

आता सांगायचं म्हणजे मुलासमोर सांगायचं. खरं सांगते, एक क्षण असा आला की वाटलं, वेडी ठरलेली काय वाईट? वेड्या बाईला किमान लाज नसते. पण फ्रीगंजचं घर डोळ्यांसमोर आलं, माझी गॅलरी, माझी खुर्ची. मी वर्गातला आवाज काढला. "लघवीची. मला थांबत नाही. कपडे ओले होतात. वर्ष झालं."

मुलगा मोबाइलकडे बघू लागला. मोबाइल बंद होता.

बाईंनी मग नीट समजावलं. ही जुन्या पठडीची गोळी. स्नायूला जो संदेश ती अडवते, तसाच संदेश मेंदूतही लागतो, आणि म्हाताऱ्या माणसात ती तिथंही पोचते. तोंड सुकतं तसं डोकंही. सगळ्यांचं होत नाही, पण माझं झालं. ती बंद करा, ती देणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते, आता वेगळ्या तऱ्हेनं काम करणारी औषधं आहेत. "पण हे मागच्याच वेळी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मागच्या वेळी मला शंभरातून सात जात नव्हते, हे कुठून जाणार?"

आमच्या तरुण डॉक्टरानं चिठ्ठी वाचून दोनदा सॉरी म्हटलं आणि मिराबेग्रॉन नावाची दुसरी गोळी दिली. ही डोक्यात शिरत नाही, पण रक्तदाब चढवू शकते, म्हणून बीपी तपासत राहायचं. म्हणजे वेडी नाही होणार, तापट होऊ शकते. त्याची काळजी कुणी करू नये, तापट मी गोळीविनाच आहे. शिवाय घड्याळ लावून जायचं, घाई झाली की धावायचं नाही, क्षणभर थांबून श्वास घ्यायचा. मूत्राशयाला शिस्त लावायची म्हणे. शिस्त हा माझा विषय. पूर्ण बरी झाले असं नाही, पण किल्ली फिरवेपर्यंत वेळ मिळतो. शेजारणीला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "गोली तो बहाना है आंटीजी. उपवास किसने करवाया? बाबा ने ही ना?" यावर गणितात उत्तर नाही.

मुलगा आणखी काही दिवस राहिला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी मी त्याला सकाळी उठवून विचारलं, "शंभरातून सात घालव बरं." तो सत्तरच्या आत अडखळला. मी म्हटलं, "चल, तुलाच इंदूरला नेते." तो हसला. पुण्याच्या खोलीचा विषय त्यानं स्वतःच बंद केला. शनिवारी त्याची गाडी होती. मी पोहे केले, वर शेव घातली, तो खाली मान घालून खात होता.

"काय रे," मी म्हटलं, "आई शहाणी निघाली म्हणून सुतक का पाळतोयस?"

त्यानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, राग मानू नकोस. आलो त्या पहिल्या आठवड्यात एकदा तू मला खाली बसवून डोक्याला तेल लावलंस. म्हणालीस, किती थकलास रे बाळा. झोप म्हणालीस, मी आहे. मी खरंच झोपलो, तुझ्या मांडीवर." ताटातले शेंगदाणे तो एकेक करून बाजूला सारत होता. "बाबा गेले तेव्हा तू मला स्टेशनवर सांगितलं होतंस, रडू नकोस, लोक बघतात."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. स्टेशनवरचं तेवढं आठवत होतं.

"मग काय," मी म्हटलं, "ती गोळी परत सुरू करू?"

तो हसला नाही. बॅग उचलली, दाराशी नेहमीसारखा पाया पडायला वाकला. माझ्या तोंडून नेहमीचं "सुखी राहा" निघालं. तो उठेना, वाकलेलाच राहिला. त्याच्या टाळूवरचे केस विरळ झालेत हे मी पहिल्यांदा बघितलं. मी हात पुढे केला, तो त्याच्या डोक्यापर्यंत पोचला. डोकं लख्ख होतं माझं, दोन्ही श्रावणांतले सगळे सोमवार मी सांगू शकले असते, पण तिथं हात ठेवल्यावर पुढे काय करतात ते मला आठवेना.